विणलेल्या थर्मोप्लॅस्टिक संमिश्रांच्या आकारणातील विकृती व अपयश : पूर्वानुमान पद्धतींची चिकित्सा

प्रस्तावना :
कोपर येथे मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग व दिवा-वसई मार्ग एकमेकांस छेदतात. या दुसऱ्या मार्गावर पुढे भिवंडीचे यंत्रमाग आहेत, तर शेजारी डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आहे. वस्त्र आणि प्लास्टिक या दोन्ही व्यवसायांची परंपरा असलेल्या या परिसरास विणलेल्या थर्मोप्लॅस्टिक संमिश्रांचा विषय परका वाटू नये. काचतंतूंच्या कापडात पॉलिप्रॉपिलीन मिसळून केलेला तक्ता, प्लास्टिक वितळेपर्यंत तापवून साच्यात दाबला असता काही मिनिटांत वस्तू तयार होते. परंतु कापड कोठे सुरकुतेल व कोठे फाटेल हे आधी सांगता आले नाही, तर साचा घडविण्याचा खर्च वाया जातो. लहान उद्योजकास हा तोटा परवडणारा नसतो. म्हणून प्रचलित पूर्वानुमान पद्धतींची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूमितीय प्रतिमान :
वस्त्र वक्र पृष्ठभागावर कसे बसते, हा प्रश्न चेबिशेव्ह यांनी १८७८ मध्ये कपड्यांच्या बेतण्यासंदर्भात मांडला. मॅक व टेलर यांनी १९५६ मध्ये त्यास वस्त्रतंत्राच्या अंगाने पुढे नेले. धागे ताणले जात नाहीत, ताणा-बाण्याचे छेदबिंदू सरकत नाहीत, केवळ त्यांमधील कोन बदलतो, ही या प्रतिमानाची गृहीतके होत. गणन सुलभ होते हा त्याचा गुण निर्विवाद आहे. मात्र त्यात तापमान, घर्षण वा दाबाचा वेग यांस स्थानच नाही. एकाच साच्यात गरम व थंड तक्ता सारखाच वागेल, असे हे प्रतिमान सांगते. प्रत्यक्ष अनुभव याच्या विरुद्ध आहे.

चाचण्यांची मर्यादा :
कर्तनगुण मोजण्यासाठी चौकट चाचणी व तिरप्या पट्टीची ताणचाचणी वापरतात. १०० मि.मी. बाजूच्या चौकटीचा कर्ण सुमारे ४० मि.मी. लांबला की कर्तनकोन सुमारे ४०° होतो. हे गणित सरळ असले तरी नमुना अंशभर तिरका बसला तरी धाग्यांत ताण येतो व मोजलेले बल फसवे ठरते. जियान काओ व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ प्रयोगशाळांनी एकाच प्रकारची कापडे तपासली असता निष्कर्षांत लक्षणीय तफावत आढळली. निष्कर्ष एका मापावर आणण्याची रीत सुचविणे हे त्या अभ्यासाचे मोठे योगदान होय. तथापि या चाचण्या मुख्यतः खोलीच्या तापमानास झाल्या, आणि आकारण मात्र वितळलेल्या अवस्थेत होते. ही उणीव दृष्टिआड करता येत नाही.

अपयशाचा निकष :
कर्तनकोन ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सुरकुती पडते, असा समज रूढ आहे. फिलिप ब्वास व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखविले की सुरकुतीचा संबंध ताण, कर्तन व वाकण्यास होणारा विरोध या तिन्हींशी आहे. तक्त्याच्या कडा ताणून धरल्यास मर्यादा ओलांडूनही सुरकुती टळू शकते. मर्यादाकोन हा म्हणून इशारा मानावा, निर्णय मानू नये. शिवाय सुरकुती हेच एकमेव अपयश नव्हे. आकारमान कायम राहिल्यास ४०° कर्तन झालेला भाग सुमारे ३० टक्क्यांनी जाड होतो. कठीण साच्यातील फट सर्वत्र सारखी असल्यास दाब या जाड भागावरच पडतो व इतरत्र पोकळ्या राहतात. हा दोष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो अधिक घातक आहे.

निष्कर्ष :
भूमितीय प्रतिमान प्राथमिक आराखड्यासाठी उपयुक्त आहे, अंतिम निर्णयासाठी नाही. फायनाइट एलिमेंट पद्धत अधिक समर्थ असली, तरी तिच्यात घातलेले गुणांक आकारणाच्या तापमानास मोजलेले नसतील तर तिची अचूकता केवळ आभासी ठरते. संगणकाच्या पडद्यावरील रंगीत चित्रापेक्षा तापलेल्या तक्त्याची एक काळजीपूर्वक चाचणी अधिक विश्वसनीय आहे. अशा चाचणीची सोय परिसरातील अभियांत्रिकी व वस्त्रतंत्र महाविद्यालयांनी उद्योगांस उपलब्ध करून दिल्यास संशोधन व उत्पादन यांमधील अंतर कमी होईल.