गाऊनचे गुणदोष

आपल्याकडे समीक्षा कशावरही होते. कवितेवर होते, नाटकावर होते, लग्नातल्या मठ्ठ्यावर तर पंगतीतच होते. पण घरोघरच्या दोरीवर वाळणाऱ्या सुती गाऊनबद्दल दोन बरे शब्द लिहावेत, असं कुणाला वाटत नाही.

आधी गुण. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरांच्या वर कापड. पाचवारीला साडेचार मीटर. गाऊन तीनेक मीटरांत भागतो. म्हणजे आजीपासून नातीपर्यंत बाईच्या अंगावरून पाच मीटर कापड उतरलं, आणि तरीही ती गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेलीच! अशी काटकसर कुठल्या अर्थमंत्र्याला जमली आहे?

निऱ्या नाहीत, पिना नाहीत. डोक्यावरून घातला की झालं. सुती कापड घाम टिपतं, सैल असल्यामुळे आत वारा खेळतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हाही पोळ्या काही आपोआप होत नाहीत. स्वयंपाकघरात पंखा लावावा, तर गॅस फडफडतो. अशा वेळी त्या माउलीच्या वाट्याला जो काय वारा येतो, तो गाऊनमधूनच.

आता दोष. कोबीच्या गड्ड्याएवढी फुलं हा एक. गळ्याशी फ्रिल हा दुसरा. ती आमटीत बुडते. खिसा कधी असतो, कधी नसतो. असलाच तर त्यात किल्ली मावते, मोबाइल मावत नाही. पण खरा दोष वेगळाच आहे. गाऊन एकटा राहत नाही. आत परकर लागतो आणि बेल वाजली की वर ओढणी. ओढणी सापडली नाही तर टॉवेल. तोही नसला तर दोरीवरचा ओला पंचा! एका हलक्या कपड्याचे तीन झाले, की कसला वारा नि कसलं काय! उलट घरधनी बनियन आणि अर्ध्या चड्डीवर दार उघडतात आणि जिन्यात उभे राहून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर अर्धा तास बोलतात. त्यांना कुणी टॉवेल आणून देत नाही.

हे घरात झालं. बाहेर तर दंडच आहे. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवलीत बायकांच्याच एका मंडळाने दिवसा गाऊन घालून बाहेर पडणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड जाहीर केला. २०१८ साली आंध्रातल्या टोकलपल्ली गावाने २००० लावला. चार वर्षांत चौपट! महागाईसुद्धा इतक्या वेगाने धावत नाही. गाऊन रात्री घाला, दिवसा नको, असा त्यांचा निवाडा. ऊन मात्र रात्री पडत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. बनियन-लुंगीचा दर काय, तेही कुणी सांगितलं नाही.

आम्हाला वाटतं, घोटाळा नावात आहे. दुकानदाराने ह्याला 'नाइटी' म्हटलं आणि बिचारा कायमचा शेजघरात जमा झाला. 'उन्हाळी झगा' म्हटलं असतं, तर कदाचित हळदीकुंकवालाही चालला असता.

तेव्हा आमचा अभिप्राय असा : पुढच्या आवृत्तीत फुलं लहान करावीत, फ्रिल काढावी, खिसा मोठा करावा. आणि ओढणी काढून दाराबाहेरच्या माणसाला द्यावी. डोळ्यांवर बांधायला.