'ओसाड' या शब्दाची चिकित्सा : ध्रुवीय तेलविहिरी आणि कोकणातील सडा

प्रस्तावना :

कोणत्याही भूमीवर यंत्र पोहोचण्यापूर्वी तिच्याविषयीचा एक शब्द तेथे पोहोचलेला असतो. 'ओसाड', 'पडीक', 'निरुपयोगी' ही विशेषणे वरवर पाहता वर्णनपर वाटतात. प्रत्यक्षात ती निर्णयपर असतात. जमीन ओसाड आहे असे एकदा मान्य केले की, तेथे काय नष्ट होईल हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील तेल उत्खननाचा वाद आणि रत्नागिरी जिल्ह्यातील बारसूच्या सड्यावरील वाद यांत भौगोलिक अंतर प्रचंड असले, तरी दोहोंच्या मुळाशी हाच शब्दव्यवहार आहे. त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

ध्रुवीय मैदानाची दोन नावे :

अलास्कातील आर्क्टिक वन्यजीव आश्रयक्षेत्राला १९६० मध्ये संरक्षण मिळाले. १९८० च्या कायद्याने त्याचा विस्तार झाला. मात्र किनाऱ्यालगतच्या सुमारे १५ लाख एकर मैदानातील तेलाचा निर्णय अमेरिकी काँग्रेसकडे राखून ठेवण्यात आला. तेव्हापासून उत्खननाचे समर्थक या मैदानाचे चित्र बर्फाचे निर्जन वाळवंट असे रंगवीत आले आहेत. याच मैदानावर कॅरिबू हरणांचा 'पॉर्क्युपाइन' कळप दरवर्षी पिलांना जन्म देतो. त्या कळपावर ज्यांचे जीवन अवलंबून आहे ते ग्विचिन लोक या भूमीला 'जीवन जेथे सुरू होते ती पवित्र जागा' या अर्थाच्या नावाने ओळखतात. एकाच भूमीची ही दोन नावे म्हणजे दोन वेगळ्या ज्ञानव्यवस्था आहेत.

गोठलेल्या भूमीवरील जखम सहजासहजी भरून येत नाही. १९८४-८५ मध्ये तेलाच्या शोधासाठी फिरलेल्या वाहनांच्या चाकोऱ्या तेथे काही दशकांनंतरही दिसत होत्या. अलास्काच्याच दक्षिण किनाऱ्यावर मार्च १९८९ मध्ये 'एक्सॉन वाल्डीझ' जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडले. त्याचे अंश काही किनाऱ्यांवर वाळूखाली दीर्घकाळ टिकून राहिले. असे असूनही २०१७ च्या कायद्याने हे मैदान उत्खननास खुले झाले. जानेवारी २०२५ मधील लिलावात एकही बोली आली नाही. तरी त्याच वर्षी ते पुन्हा भाडेपट्ट्यासाठी खुले करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. यावरून असे दिसते की, जमिनीला एकदा 'रिकामी' ठरविले की ती भरण्याचा आग्रह गरजेच्याही पलीकडे टिकून राहतो.

बारसूचा सडा :

हाच व्यवहार आपल्या राज्यातही आढळतो. कोकणात प्रश्न तेलविहिरीचा नव्हता, तेलशुद्धीकरणाचा होता. नाणार येथील वार्षिक ६ कोटी टन क्षमतेच्या नियोजित प्रकल्पाची भूसंपादन अधिसूचना स्थानिक विरोधामुळे २०१९ मध्ये रद्द झाली. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या वतीने बारसू परिसराचा पर्याय केंद्राला सुचविण्यात आला. तेव्हा तेथील बहुतांश जमीन ओसाड आहे, हेच तिच्या निवडीचे एक कारण म्हणून पुढे करण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात मातीपरीक्षणासाठी सड्यावर यंत्रे आली, तेव्हा गावातील स्त्रिया त्यांच्या वाटेत रस्त्यावर आडव्या झाल्या.

जांभ्याचा हा कातळ मे महिन्यात पाहणाऱ्यास ओसाडच वाटेल. पावसाळ्यात मात्र त्यावरील मातीच्या पातळ थरात दवबिंदू, सीतेची आसवे, गेंद यांसारख्या वनस्पती फुलतात. सड्यात मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. याच कातळावर आदिमानवाने कोरलेली चित्रे आहेत. बारसूसह कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत झाला. अर्थात, 'ओसाड' हा शब्द त्या जमिनीचे नव्हे, तर पाहणाऱ्याने निवडलेल्या ऋतूचे वर्णन करतो.

हा दोष केवळ राजकीय भाषणांत नाही. केंद्र शासनाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशातील पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात १३ वर्ग करण्यात आले होते. त्यांत खडकाळ जमिनीबरोबर बर्फाच्छादित व हिमनद्यांचा प्रदेशही आहे. ज्या हिमनदीतून गंगा उगम पावते तीही या वर्गीकरणात पडीक ठरते!

प्रतिपक्षाचा विचार :

विरोधाची ही भूमिका निर्विवाद नाही. भारत आपल्या गरजेचे ८० टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो आणि आपल्या भागातील शेतकऱ्याचा ट्रॅक्टरही डिझेलवरच चालतो. अलास्कातील काही इनुपियात लोकांनी रोजगार व सुविधांसाठी उत्खननाला पाठिंबा दिला आहे. कोकणातही प्रकल्पाचे समर्थक होते. त्यांची गरज खोटी ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु गरज खरी असली, तरी किंमत शून्य ठरत नाही. 'ओसाड' हा शब्द नेमके हेच करतो : तो किंमत मोजण्यापूर्वीच हिशेब बंद करतो. किंमत मोजून नकार देता येतो, हे अशक्यही नाही. अंटार्क्टिकावरील खनिज उत्खननास १९९१ च्या माद्रिद कराराने बंदी घातली आणि भारतानेही २०२२ मध्ये अंटार्क्टिकाविषयी स्वतंत्र कायदा करून ती बंदी आपल्या कायद्यात आणली.

समारोप :

आखाडा बाळापूरसारख्या ठिकाणी बसून ध्रुवाची चिंता करणे काहींना अनाठायी वाटेल. परंतु मराठवाड्यातील गायराने आणि माळराने याच शब्दाच्या छायेत आहेत. मेंढपाळाला चारा, भूमिहीनाला सरपण आणि माळढोकासारख्या पक्ष्याला एके काळी आसरा देणारी ही जमीन सरकारी दप्तरात अनेकदा 'पडीक' असते. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी गायराने वापरली जात आहेत. सूर्याची वीज तेलापेक्षा निश्चितच श्रेयस्कर आहे; मात्र तेथे कोण चरते, काय उगवते, हा प्रश्न तिलाही चुकत नाही. ध्रुवावरील नव्या तेलविहिरींना केलेला विरोध आपल्या गावच्या माळावर हाच प्रश्न विचारत नसेल, तर तो अपुरा ठरेल. भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि भाषा या विषयांच्या अध्यापकांनी आपापल्या परिसरातील 'पडीक' जमिनीची चारही ऋतूंत, विद्यार्थ्यांसह नोंद करणे ही त्या दिशेने पहिली पायरी होय.