अनुबोधपट : घरात कोणते आणायचे?

अनुबोधपट हा प्रकार आपल्या वडीलधाऱ्यांना भेटला तो सरकारी आवाजात. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवणे सक्तीचे होते. धरणे, पूर, पंचवार्षिक योजना, आणि या सगळ्यावर पसरलेला एक भारदस्त पुरुषी आवाज. पडद्यावरचा गरीब माणूस बहुधा हात जोडलेला किंवा डोक्यावर घमेले घेतलेला असे. त्याच्या वतीने दुसराच कोणी बोलत असे. प्रेक्षक तेवढ्या वेळात बाहेर जाऊन बिडी ओढीत, आणि त्यांचे फार काही चुकत होते असे मला वाटत नाही. २०२२ साली त्या संस्थेचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेले. तो आवाज मात्र इतक्या सहज गेलेला नाही. आज दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या कितीतरी 'वास्तवदर्शी' कार्यक्रमांतून तोच आवाज, जरा मऊ होऊन, बोलत असतो.

म्हणून पाहण्याजोगा अनुबोधपट कोणता, याची माझी कसोटी साधी आहे. कॅमेऱ्यासमोरचा माणूस केवळ दुःखाचा पुरावा म्हणून उभा केला आहे, की तो स्वतःच्या जगण्याचा अर्थ स्वतः लावतो आहे? दलित साहित्याने कथा-कवितेला हा प्रश्न विचारूनच आपली वाट काढली. चित्रपटाला तो विचारताना आपण उगाच संकोचतो. चित्रपटात 'आपले' विषय आले, एवढ्यानेच आपण कृतज्ञ होतो.

आणि हे चित्रपट घरी पाहावेत असा माझा आग्रह आहे. शहरातल्या महोत्सवांत बहुधा पटलेल्यांनाच पुन्हा पटवले जाते, आणि नंतरची चर्चा इंग्रजीत होते. माझे विद्यार्थी आर्वी, देवळी, समुद्रपूरकडचे. त्यांच्या आया सभागृहात येत नाहीत. आल्या तरी मागच्या खुर्चीवर गप्प बसतात. घरात त्या गप्प बसत नाहीत. घरात चित्रपट मध्येच थांबवता येतो, 'हे खोटं आहे' असे म्हणता येते. अडचण भाषेची आहे. अनेक अनुबोधपटांच्या तळाशी फक्त इंग्रजी ओळी धावतात. तेव्हा शिकलेल्या पोराने किंवा पोरीने त्या मोठ्याने मराठीत सांगत जावे. शिक्षणाचा एवढा तरी उपयोग घराला व्हावा.

पहिले नाव अर्थातच आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'चे. येथे भाषेची अडचण नाही. त्यातले बहुतेक बोलणे आणि गाणे मराठी-हिंदीत आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. ज्यांचा आवाज पटवर्धनांच्या 'हमारा शहर' या १९८५ च्या चित्रपटात घुमला होता, तेच हे घोगरे. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेल्या या माणसाने मरताना डोक्याला निळे कापड बांधले. ते का बांधले, या एका प्रश्नामागे पटवर्धन चौदा वर्षे फिरत राहिले. चित्रपट लोकांसमोर आला तो जानेवारी २०१२ मध्ये.

सुमारे तीन तासांचा हा चित्रपट एका बैठकीत संपवू नये. दोन रात्री घ्याव्यात. पहिल्या रात्री रमाबाई नगर, खटला, आणि घोगरेंचे घर. दुसऱ्या रात्री खैरलांजी आणि कबीर कला मंच. भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६, हे आमच्यापासून फार दूरचे गाव नाही. पाहताना गाण्यांवर लक्ष ठेवावे. गाणे येथे विसाव्यासाठी येत नाही. वस्तीतले लोक गाण्यातून युक्तिवाद करतात, इतिहास सांगतात, पुढाऱ्यांची टिंगल करतात. पडद्यामागचा निवेदक अशा वेळी मागे सरतो, आणि माझ्या कसोटीला हा चित्रपट उतरतो तो नेमका तेथे. शीतल साठे यांच्या आईशी झालेले बोलणे मात्र घरातल्या बायकांनी ऐकावे म्हणून मुद्दाम थांबावे. मुलगी क्रांतीची गाणी गाते आणि आई आपल्या श्रद्धेतून बोलते. तरी ती मुलीपासून तुटलेली नाही. आपल्या कितीतरी घरांत हेच चालू आहे. (या चित्रपटानंतर, एप्रिल २०१३ मध्ये, शीतल साठे आणि सचिन माळी यांनी विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या हवाली केले, हेही पाहणाऱ्यांना सांगावे.)

माझा एक आक्षेप नोंदवतो. निळ्या आणि लालचा समेट व्हावा ही दिग्दर्शकाची तळमळ चित्रपटभर जाणवते. पण आपल्याच डाव्या संघटनेने घोगरेंना बाहेर काढले होते, या गोष्टीपाशी चित्रपटाने आणखी थांबायला हवे होते. वर्ग बोलताना जात गिळून टाकणाऱ्या चळवळीचा हिशोब तेथेच मागायचा होता.

दुसरा चित्रपट अगदी छोटा, २६ मिनिटांचा. आमुदन आर. पी. यांचा 'पी', २००३. तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ विष्ठा. मदुराईत देवळालगतच्या एका गल्लीत लोक शौचाला बसतात आणि मरियम्मल ही सफाई कामगार ते साफ करते. एवढेच कथानक. पण ती काम करता करता बोलत राहते, वैतागते, फटकारते. आणि कॅमेरा तिच्याबरोबर चालताना आपल्याला नाक मुरडायलाही जागा ठेवत नाही.

वर्ध्यात बसून हा चित्रपट पाहणे म्हणजे एक वेगळाच अनुभव आहे. १९३६ साली गांधीजी ज्या गावी राहायला आले ते सेवाग्राम आमच्या शहराला लागून आहे, आणि संडाससफाई हा आश्रमजीवनाचा भाग होता. त्यामागच्या हेतूवर मला येथे बोलायचे नाही. पण आश्रमवासी झाडू स्वेच्छेने उचलतो आणि काम झाले की खाली ठेवतो. मरियम्मलच्या हातात तो जातीने दिलेला आहे. भंगीकामाला उदात्त ठरवून ते करणाऱ्याला तेथेच खिळवून ठेवणाऱ्या विचारावर बाबासाहेबांनी १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात घाव घातला होता. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, त्या ग्रंथातली ती पाने आणि ही २६ मिनिटे एकाच दिवशी घ्या. विष्ठा हाताने उचलायला लावण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. पण २०१७ मध्ये दिव्या भारती यांना याच विषयावर 'कक्कूस' करावा लागला, आणि तमिळनाडूत त्याचे खेळ पोलिसांनी अडवले.

स्टालिन के. यांचा 'इंडिया अनटच्ड' (२००७) विस्ताराने सांगत नाही. आठ राज्ये, चार धर्म, आणि सगळीकडे अस्पृश्यता. 'आता कुठे राहिली जात?' असे विचारणारा पाहुणा घरी येणार असेल, तर त्या दिवशी लावावा.

आता आमच्या कापसाकडे येतो. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये, जे ३,७५० कोटी रुपयांचे होते, विदर्भातले जे सहा जिल्हे आले त्यांत वर्धा होता. त्या काळात देशी-परदेशी कॅमेरे कापूसपट्ट्यात फिरू लागले. त्यांतून दोन पाहण्याजोगे चित्रपट निघाले: दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' (२००९), ज्यात पत्रकार पी. साईनाथ आपल्याला विदर्भातल्या घरांत घेऊन जातात, आणि मिखा पेलेड यांचा 'बिटर सीड्स' (२०११), ज्यात यवतमाळ जिल्ह्यातली, बापाने आत्महत्या केलेली एक तरुण मुलगी स्वतः पत्रकार होऊ पाहते. दुसरा मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात प्रश्न विचारणारी घरातलीच आहे. दोन्ही चित्रपट प्रामाणिक आहेत. दोन्ही पाहावेत.

पण पहिला पाहून झाल्यावर माझी आई म्हणाली, "वावरवाल्याचं दुःख खरंच हाये. पन येचनारी बाई कुठी हाये याच्यात?" तिने हयातभर दुसऱ्याच्या वावरात, किलोवर, कापूस वेचला. बोंडाच्या टोकांनी फाटलेली बोटे तिला कोणी सांगावी लागत नाहीत. तिचा प्रश्न मी टीकालेखांत वाचलेला नाही. २००५ पासून शेतकरी आत्महत्येसाठी एक लाख रुपयांची मदत आहे. ती 'पात्र' ठरायची तर सातबारा दाखवावा लागतो, कर्ज दाखवावे लागते. ज्याच्याजवळ वावरच नाही असा सालदार मेला तर तो या हिशोबात 'अपात्र'ही ठरत नाही. त्याची फाईलच उघडत नाही. अनुबोधपटाचा कॅमेरा नकळत सातबाऱ्याच्याच मागे गेला. ज्या घरावर सरकारी आकडा पडला, तेच घर त्याला दिसले. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीत, जेथे कर्ज सावकाराचे किंवा किराणा दुकानाचे असते, तेथवर तो पोचला नाही. चित्रपट पाहताना हे बोलावे.

कॅमेरा कोणाचा, हा प्रश्न 'रायटिंग विथ फायर' (२०२१) या चित्रपटाने आणखी अवघड केला. बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'च्या दलित पत्रकार स्त्रियांवरचा हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. आणि मार्च २०२२ मध्ये त्याच स्त्रियांच्या संस्थेने जाहीर केले की आमचे काम यात एकांगी दाखवले आहे. चित्रपट सुंदर आहे. त्यांचे निवेदनही तेवढेच पाहण्याजोगे, म्हणजे वाचण्याजोगे आहे; ज्यांच्यावर चित्रपट निघाला त्यांनी त्याची समीक्षा केल्याचे असे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

आपल्यातल्या माणसाने कॅमेरा हाती घेतला तर काय होते, ते सोमनाथ वाघमारे यांच्या 'द बॅटल ऑफ भीमा कोरेगाव' (२०१७) मध्ये दिसते. त्यात घडवणुकीचा कच्चेपणा आहे, ध्वनी काही ठिकाणी फाटतो. पण विजयस्तंभाकडे चाललेल्या बाया-माणसांना तो काय सिद्ध करा म्हणत नाही. ती चालतात, बोलतात, डबा सोडून जेवतात. १ जानेवारी २०१८ च्या हल्ल्याआधीची ही गर्दी आहे, हे ध्यानात ठेवून तो पाहावा. वेचणाऱ्या बाईवरचा चित्रपट असाच, कोणातरी वेचणाऱ्या बाईच्या पोरीकडून यायचा आहे. फोन तर तिच्या हातात आलेलाच आहे. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो.