टिकलेल्यांचीच मुलाखत: सांगोल्यात विम्याचा परतावा मोजताना

आयुर्विमा आणि बचत या विषयावर तालुका पातळीवरचे प्रबंध किंवा एम.कॉम.चे प्रकल्प चाळले, की प्रश्नावलीत एक प्रश्न हमखास सापडतो: ‘आयुर्विमा ही दीर्घकालीन बचतीसाठी योग्य गुंतवणूक आहे असे आपणास वाटते का?’ खाली पाच चौकटी. शंभर विमाधारक, टक्केवारी, काय-स्क्वेअर चाचणी, आणि निष्कर्ष ठरलेला: बहुसंख्य समाधानी. माझा आक्षेप आहे तो या शंभर जणांच्या निवडीवर.

हे शंभर जण मिळतात कुठून? बहुतेक वेळा एखाद्या एजंटाच्या यादीतून, नाहीतर शाखेत हप्ता भरायला आलेल्यांतून. दोन्हीकडे भेटतो तो ज्याची पॉलिसी अजून चालू आहे असा माणूस. ज्याची तिसऱ्या वर्षी बंद पडली तो शाखेत कशाला येईल? विमा नियामक प्राधिकरणाच्या वार्षिक अहवालात तेराव्या महिन्यापासून एकसष्टाव्या महिन्यापर्यंत किती पॉलिसी टिकल्या याची आकडेवारी असते. ती बघा. पाच वर्षांत मोठा हिस्सा गळालेला दिसतो. म्हणजे आपला नमुना आधीच चाळून घेतलेला असतो.

सांगोल्यात हा दोष जास्त महागात पडतो. तालुका दुष्काळी, पैसा डाळिंबाचा. तो बहार धरला तर येतो, आणि तेल्या, मर किंवा खोडकिडा आला की येत नाही. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून शालिमारला निघाली, तेव्हाचं चित्र घेऊन वीस वर्षांचा हप्ता ठरवला तर तो पुढच्या पडत्या वर्षात कुठून भरायचा? हप्त्याची तारीख पक्की असते. वार्षिक हप्त्याला सवलतीचे दिवस ३०. बहार दोन-तीन महिने मागे गेला तर ते कुठेच पुरत नाहीत. ‘विम्यामुळे बचतीची शिस्त लागते’ हे वाक्य पगारदार शिक्षकाच्या घरात खरं ठरेलही. बागायतदाराच्या घरात ते गृहीत न धरता तपासायला हवं.

आता थोडं गणित, आकडे उदाहरणाचे. वर्षाला २५,००० रुपये, २० वर्षं. भरले ५ लाख, मुदतीअखेर मिळाले ९ लाख. उत्तर देणारा म्हणतो, ‘जवळपास दुप्पट झाले की!’ हा परतावा वार्षिक सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आहे. पीपीएफचा ७.१ टक्के दर २० वर्षं तसाच राहिला असं धरलं, तर तेच हप्ते ११ लाखांच्या वर जातात. अर्थात पीपीएफ मृत्यूचं संरक्षण देत नाही. त्याची किंमत, म्हणजे तेवढ्याच रकमेच्या टर्म विम्याचा हप्ता, वेगळी काढल्याशिवाय तुलना करू नका. नफ्यात सहभागी पॉलिसीच्या कागदावर ४ आणि ८ टक्क्यांचे दोन रकाने असतात. ती गृहीतकं आहेत, तो तुमचा परतावा नव्हे. कितीतरी प्रकल्पांत ८ चा रकाना सरळ ‘परतावा’ म्हणून उतरवलेला असतो.

आणि हे सव्वापाच टक्केही फक्त शेवटपर्यंत पोचणाऱ्याचे. २०१९ च्या नियमांनुसार दोन वर्षांचे हप्ते भरून सोडलं तर हमीची किमान रक्कम ३० टक्के: ५०,००० भरले, हातात १५,०००. एकच हप्ता भरून थांबला त्याला काहीच नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या पॉलिसींना एका वर्षानंतरही सरेंडरची रक्कम मिळू लागली. त्यामुळे पॉलिसी कोणत्या वर्षी घेतली हा रकाना नसेल तर आपण दोन वेगळ्या वस्तू एका टोपलीत मोजतोय.

विम्याच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, आणि प्रश्नावल्या तीही विचारत नाहीत: पॉलिसीवरचं कर्ज. अडीच्या वर्षी सावकाराकडे न जाता पॉलिसी तारण ठेवली असेल, तर तो फायदा परताव्याच्या टक्क्यात दिसणारच नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली का, कशाच्या पैशातून केली, हेही विचारा.

मग नमुना कसा घ्यायचा? एजंटाची यादी बाजूला ठेवा, मतदार यादीतून घरं निवडा, आणि ‘पॉलिसी आहे का?’ ऐवजी ‘घरात कधी पॉलिसी घेतली होती का?’ असं विचारा. जमलं तर हप्त्याच्या पावत्या बघायला मागा, कारण भरलेली रक्कम लोकांना आठवते, वर्षं आठवत नाहीत. फक्त तोडणीच्या दिवसांत जाऊ नका. तेव्हा ट्रंक उघडून कागद शोधायला कुणाला सवड नसते.