गुन्हा रद्द झाला नाही, पुढे काय?

अकोटात कापूस विकून आलेला पैसा एखाद्या कंपनीत बुडाला, की ठेवीदार पोलीस ठाण्यात जातो. संचालक नागपूर खंडपीठात जातात आणि म्हणतात, 'हा दिवाणी वाद आहे, गुन्हा रद्द करा.' कोर्टाने नकार दिला की आपल्याला न्याय झाल्यासारखं वाटतं. पण हा नकार म्हणजे शिक्षा नव्हे; तपास पुढे चालेल, एवढाच त्याचा अर्थ.

१३ एप्रिल २०२१ चा 'नीहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल घ्या. बनावट ठराव करून कंपनीची मालमत्ता विकल्याची तक्रार वरळी पोलिसांत होती. उच्च न्यायालयाने आरोपींवर सक्तीची कारवाई नको, असा अंतरिम आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. गुन्हा रद्द करणे हा अपवाद. संरक्षण द्यायचे तर कारणे लिहा. हे आम्हाला पटतं, कारण तपास अडला की कागदही हलतात आणि मालमत्ताही.

मात्र 'सुनील भारती मित्तल' निकाल (२०१५) सांगतो, कायद्यातच तशी तरतूद नसेल तर नुसत्या पदामुळे संचालक आरोपी होत नाही. फिर्यादीत कोणी काय केलं हे लिहा; सरसकट नावं टाकली की सूत्रधारालाच पळवाट मिळते.

आमचा आक्षेप एकच. नीहारिकाने तपासाला वाट दिली, मुदत दिली नाही. ठेवीदाराला पैसा हवा असतो. १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याने मालमत्ता जप्त करता येते. ती वेळेत झाली, तरच त्या नकाराचा त्याला उपयोग.