नार्व्याचे देऊळ : एक वास्तुविचार

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळात वैभवाचा आव नाही. उतरते कौलारू छप्पर, अष्टकोनी बैठकीवरील बसका घुमट, सडपातळ दीपस्तंभ, एवढाच त्याचा थाट. दिवाडी बेटावरील कदंबकालीन मंदिराची प्रतिकृती येथे नाही, आणि हेच या वास्तूचे मर्म होय.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मूळ मंदिर उद्ध्वस्त केले. भक्तांनी लिंग मांडवीपलीकडे नेले. डिचोली तेव्हा त्यांच्या अमलाबाहेर होती. १६६८ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने तेथे देवालयास प्रारंभ झाला. बेघर देवासही स्थिरावण्यास शतकाहून अधिक काळ लागला! घर गमावलेल्याने जुन्या भिंतींचा हट्ट न धरता नव्या मातीत पाया घालावा, असेच जणू ही वास्तू सांगते.

एक उणीव मात्र सलते. दारावरील शिलालेखात राजाज्ञा आहे, तिथीही आहे. लिंग वाहून आणणाऱ्या हातांचा आणि मधल्या काळात त्यास थारा देणाऱ्या गावाचा उल्लेख नाही. २०२३ साली जीर्णोद्धारित देऊळ पुन्हा खुले झाले. त्याचे सौंदर्य वाखाणताना त्या अनामिक आसऱ्याचे स्मरण राहिले, तरच ते पुरते पाहिले असे म्हणता येईल.