डोळ्यांनी ऐकावयाचे गाणे

गाण्याचा व्हिडिओ ही काही टीकालेख लिहावा अशी चीज नव्हे, असे आमच्या एका विद्वान स्नेह्यांचे मत आहे. मला ते पटत नाही. जो प्रकार दिवाळीच्या पहाटेपासून रात्रीपर्यंत घराघरांत मोबाइलवर चालू असतो, त्याची परीक्षा व्हावयास हवी. कादंबरीची होते, नाटकाची होते. मग यानेच काय घोडे मारले आहे?

प्रकार वाटतो तितका नवा नाही. 1940 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या उपाहारगृहांत आणि दारूच्या गुत्त्यांत कपाटाएवढी यंत्रे असत. दहा सेंटांचे नाणे टाकले की तीनेक मिनिटांचे एक गाणे पडद्यावर दिसे. या चित्रफितींना ‘साउंडी’ म्हणत. एका रिळावर आठ गाणी. आपल्या नाण्याला जे येईल ते मुकाट्याने पाहावयाचे! पुढे 1966 साली बीटल्स मंडळींनी आपल्या गाण्यांच्या छोट्या फिल्मा काढून दूरचित्रवाणीवाल्यांकडे धाडल्या. प्रत्येक कार्यक्रमाला जातीने हजर राहणे त्यांना अशक्य झाले होते. लग्नाला जाणे जमत नसले की आपण आहेर पाठवून देतो, त्यातलाच हा व्यवहार. हेतू रेकॉर्ड खपविण्याचा, यात आडपडदा कधीच नव्हता.

परंतु व्यवहारातूनही कधीकधी कला जन्माला येते. 1975 सालचे ‘क्वीन’ या वृंदाचे ‘बोहेमियन रॅप्सडी’ घ्या. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारुख बलसारा. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा पाचगणीच्या शाळेत शिकला. (पसरणीच्या घाटावर पाचगणी आणि घाटाखाली वाई. त्या वाईला आपल्याला पुढे जावयाचेच आहे.) या गाण्याच्या मधल्या भागात मोठा गायकसमूह गातो आहे असे वाटते, प्रत्यक्षात तिघांनीच आपले आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून एकावर एक चढविलेले. हे कार्यक्रमात उभे राहून गाणार कसे? म्हणून व्हिडिओ केला. अंधारात चार चेहरे, वरून उजेड, आणि मग एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात. आवाजाचे जे झाले तेच डोळ्यांपुढे चेहऱ्यांचे होते! चित्र गाण्याच्या पोटातून आले आहे, ते वरून चिकटविलेले नाही. माझी कसोटी एवढीच.

1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एम.टी.व्ही. ही वाहिनी सुरू झाली. तिने पहिलेच गाणे लावले ते व्हिडिओने रेडिओच्या गायकाचा जीव घेतला, अशा अर्थाचे. रेकॉर्ड कंपन्या तिला आरंभी ही गाणी फुकट पुरवीत. म्हणजे जाहिरातींच्या मध्येही जाहिरातच. येथून पुढे संकेत रूढ झाले. गायक तुमच्याकडे रोखून पाहणार. प्रत्येक कडव्याला कपडे बदलणार. विजेची गिटार वाजणार, पण तिची तार कोठेही जोडलेली नसणार. 1983 अखेरच्या मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मध्ये, जवळजवळ चौदा मिनिटांच्या कथेत, नायक पुढे आणि नाचणाऱ्यांचा तांडा मागे अशी जी रचना झाली, ती आमच्या स्नेहसंमेलनातही पोहोचली आहे. आपल्या चित्रपटात नायिका गाते ती नायकाला, नाहीतर चंद्राला उद्देशून; आपण ते चोरून ऐकतो. व्हिडिओतला गायक गातो तो थेट तुम्हाआम्हांला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहिल्याशिवाय माल कसा खपावा?

माझी तक्रार या पाहण्याबद्दल नाही. तक्रार आहे ती घाईबद्दल. दोन शब्द गाइले न गाइले तोच चित्र बदलते; समुद्र, मोटार, गच्ची, पुन्हा समुद्र. वर्गात मी एकदा मुलांना एक गाणे नुसते ऐकविले आणि काय दिसले ते लिहा म्हणालो. ज्यांनी त्याचा व्हिडिओ पाहिला होता त्यांच्या वह्यांत तोच पूल आणि तोच पाऊस. न पाहिलेल्या एका मुलीने मात्र आजीची चूल आणि विझत आलेला निखारा लिहिला. गाण्यात चुलीचा उल्लेखही नव्हता. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी काळजी वाटते. निखारा जिला दिसतो ती उद्याची वाचक. पुलावरच्यांचे काय होणार?

तथापि हा दोष जातीचा नव्हे. बॉब डिलनची 1965 साली लंडनमधल्या एका गल्लीत घेतलेली फिल्म पाहा. तो तोंड उघडीत नाही. गाण्यातले शब्द लिहिलेली पुठ्ठ्याची पाने हातात धरतो आणि एकेक टाकीत जातो. गल्ली तीच, माणूस तोच, कॅमेरा जागचा हलत नाही. (काही पानांवर स्पेलिंग मुद्दाम चुकविले आहे, ती फिल्म मी मुलांना दाखविलेली नाही.)

आणि आता वाई. बैठकीची लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकर यांना 2012 साली पद्मश्री मिळाली. शंभरी ओलांडून 2018 साली त्या निवर्तल्या. बैठकीची लावणी बसून गातात. गाणारीही समोरच्यांच्या डोळ्यांत पाहते, आणि तिलाही बिदागी हवीच असते. तेव्हा सोवळे कोणीच नाही. पण ओळ एकच. ती पहिल्यांदा येते तेव्हा आर्जव असते, दुसऱ्यांदा टोमणा, तिसऱ्यांदा नुसती भुवई. व्हिडिओत दहा पोशाख आणि भाव एक. इथे लुगडे एक आणि भाव दहा! तिसऱ्या वेळी ती काय म्हणाली हे शेजाऱ्याला एक वाटते, आपल्याला दुसरे.

यमुनाबाईंची काही चित्रणे मोबाइलवर सापडतात. फराळ आटोपल्यावर जरूर पाहावीत. मात्र घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून घ्यावे. काही शब्द आता कोशातही चटकन मिळत नाहीत.